पेटीचं झाकण

मासळीच्या रांगेत रसायनशास्त्राच्या निवृत्त बाई पिशवी उघडी धरून पुढच्या गिऱ्हाइकाचं कोळणीशी चाललेलं बोलणं ऐकत होत्या.

"मावशी, ओळखलंत? तुटलेलं बोट घेऊन बर्फ मागायला आलेला सुतार."

"अगबाई! जोडलं का?"

"जोडलं. डॉक्टर म्हणाले, थंड राहिलं म्हणून वाचलं. मी तर ते थेट बर्फातच टाकत होतो."

"म्हणून तर ओरडले! थेट बर्फ लागला की मांस वाया जातं. आधी कोरडी पिशवी, मग बर्फ."

"हे शिकलात कुठं?"

"माशांकडून. उन्हात नासणं धावत येतं, बर्फात रांगत."

"हे घ्या, तुमच्या पेटीला झाकण. घट्ट बसतं, बर्फ लवकर वितळणार नाही."

"कुणाकडून करवलंस रे?"

"याच बोटानं रंधा धरला, मावशी."