कुंकवाचे आणे

बायकोपुढे ज्ञान पाजळू नये, हे मला कलकत्त्याला बदली झाली त्या वर्षी कळलं. हळदीकुंकू दोन दिवसांवर आलेलं. मी ऐटीत सांगून बसलो, "आण्यावर सालाखाली ठिपका असला तर तो मुंबईच्या टांकसाळीचा. कलकत्त्याची टांकसाळ खूण करतच नाही."

हिनं ओटीसाठी काढलेले आणे निरखून पाहिले. "म्हणजे हे सगळे बिनकुंकवाचे? सवाष्णींच्या ओटीत असले घालू?"

"अगं, ती टांकसाळीची खूण आहे!"

"असेल. मला कुंकवाचे बारा आणून द्या."

दुसऱ्या दिवशी हावड्याला मुंबई मेलमधून उतरणाऱ्या प्रत्येकापुढे हात पसरून मी बारा आणे बदलून आणले. एका आजींनी तर दया येऊन एक तसाच दिला. ओट्या झकास भरल्या.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी बाराजणींपैकी चौघी दारात हजर. "वहिनी, बालीगंज बाजारातला भाजीवाला हे आणे घेत नाही हो! ठिपका आहे म्हणजे खोटे, म्हणतो."

मी विजयी मुद्रेनं हिच्याकडे पाहिलं.

चौघींचे आणे माझ्या हातावर ठेवत ही शांतपणे म्हणाली, "अहो, मुंबईला परत जाणारी मेल किती वाजता सुटते?"