रिकाम्या गाडीची परीक्षा

मंडळी, एक प्रश्न विचारतो. माणूस चांगला आहे, हे ओळखायचं कधी? गोड बोलतो तेव्हा? वाकून नमस्कार करतो तेव्हा? नमस्कार काय, लग्नाआधी जावईही करतो! लगेच उत्तर देऊ नका. आधी एक कथा ऐका. कथा पुराणातली नाही. पिकअप गाडीची आहे.

हसू नका. गरुडावरची आख्यानं ऐकताना तुम्ही हसत नाही. गरुडाला डिझेल लागत नाही, एवढाच फरक.

तर ओतूरकडं एका गावात सोपानराव डुंबरे नावाचे गृहस्थ. धंदा मांडवाचा. लोखंडी पाइप, कनाती, गाद्या, भांडी. वीस वर्षांत एकाही लग्नाला त्यांचा मांडव उशिरा पोचला नव्हता. नवरदेव उशिरा आले, भटजी उशिरा आले, मांडव नाही. जुनी गाडी थकली, म्हणून नवी दणकट पिकअप घ्यायची ठरली. निघाले तालुक्याच्या गावी. बरोबर बायको हौसाबाई आणि मेहुणे बबनराव. बबनराव तीस वर्षं ड्रायव्हर होते, म्हणजे घरातले जाणकार. गाडी घेताना जाणकार न्यावाच लागतो. त्याला नाश्ता द्यायचा, आणि मग तो सांगेल ते ऐकायचं.

शोरूममध्ये गाड्या दोन. पहिलीच्या इंजिनात घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, जास्त. कागदावर लिहिलेलंच होतं. दुसरीत घोडे कमी, पण विकणारा पोरगा म्हणाला, ''काका, हिला खालच्या गिअरात ओढ जास्त आहे.''

बबनराव म्हणाले, ''दाजी, कागद ठेवा बाजूला. चहा मागवा.''

चहा आला. बबनरावांनी इंजिन चालू करायला लावलं आणि भरलेला कप बॉनेटवर ठेवला. आपल्याकडं ही जुनी परीक्षा. चहा हलला तर इंजिन खराब! सगळे वाकून कपात बघतायत. पहिल्या गाडीवर चहा शांत. साय हलली नाही. दुसऱ्या गाडीवर कप थरथरला, बशीत चहा सांडला. बबनरावांनी मान हलवली. निकाल लागला. मग पहिली गाडी रिकामीच हायवेवर पळवून आणली. लोण्यासारखी गेली.

हौसाबाई मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ''अहो, आपले पाइप भरून एकदा चढावर नेऊन बघा की. गाडी चहा न्यायला घेताय का?''

सगळे हसले. बबनराव म्हणाले, ''ताई, इंजिनातलं तुला काय कळतंय?''

मंडळी, बाईला इंजिनातलं कळत नव्हतं, हे खरंच आहे. तिला ओझ्यातलं कळत होतं. पहिली गाडी घेतली, हार घातला, पेढे वाटले.

आता वैशाखातलं लग्न. घाटावरच्या वाडीत सिंधू नावाची मुलगी. तिचा बाप सोपानरावांचा बालमित्र, दोन वर्षांपूर्वी वारला. सोपानरावांनी तिच्या आईला शब्द दिला होता, ''वहिनी, मांडवाचं माझ्यावर सोडा.'' मुहूर्त बारा वीसचा. सकाळी आठला गाडी भरली, पाइपांनी खचाखच. सोपानराव गाडी चालवतायत, शेजारी हौसाबाई. घाटाचं दुसरं वळण आलं. उभा चढ. पहिला गिअर टाकला. गाडी गुरगुरली, आणि बंद पडली.

पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. घोडे होते हो. पण ते इंजिन जोरात फिरेल तेव्हा जागे होणारे. चढावर इंजिन मंदावलं की घोडे झोपले. क्लच जळाल्याचा वास सुटला. सोपानरावांनी चाकामागं दगड लावले आणि रस्त्यावरच बसले. वर वाडीत पोरीचं अंगण उन्हात उघडं पडलेलं. मित्राच्या माघारी दिलेला एकच शब्द, तोही निभेना. माणूस रडला, मंडळी. हौसाबाई काहीच बोलल्या नाहीत. ज्यांची लग्नं झालीत त्यांना ठाऊक आहे, हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

तेवढ्यात खालून एक पिकअप आली. थरथरत, खडखडत, सावकाश. शोरूममधल्या त्या दुसऱ्या गाडीसारखीच! भट्टीवाले गुणाजी कुंभार विटा घेऊन चालले होते. त्यांनी पाहिलं, विचारलं, आणि कडेला विटा उतरवायला लागले. म्हणाले, ''सोपानशेठ, विटांचा काही मुहूर्त नसतो. पाइप टाका इकडं.''

पाइप चढवले. ती गाडी थरथरत, पण कुठंही न थांबता वर गेली. हलकी झालेली सोपानरावांची गाडी गाद्या घेऊन मागून आली. बारा वाजता मांडव उभा. सिंधूच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या सावलीत पडल्या.

जेवणं झाल्यावर सोपानरावांनी विचारलं, ''गुणाजी, तुम्ही इंजिन कसं पारखलंत?''

''मला कुठलं पारखता येतंय? मी शोरूमला पाचशे विटा घेऊन गेलो. म्हटलं, ह्या भरा आणि चढावर चला. ते म्हणाले, ओरखडे पडतील. म्हटलं, माझ्याकडं आल्यावर पडणारच आहेत. तुमच्यासारखी गाडी निम्म्यात थांबली. त्यांना वाईट वाटलं, मला बरं वाटलं. इथं थांबली म्हणजे घाटात थांबायची वाचली.''

ऐकलंत? आता माझ्याकडं बघू नका, स्वतःकडं बघा. आत्ता आपण सगळे इथं रिकामे बसलोय. पंखा चालू आहे, टाळ वाजतोय, माना डोलतायत. या देवळात आत्ता एकही वाईट माणूस नाही. मीसुद्धा नाही! उद्या सकाळी अंथरुणाला खिळलेली आई तीच गोष्ट चौथ्यांदा विचारेल. भाऊ बांधावर उभा राहून वाटेल ते बोलेल. तिथं किती ओढता, ते तुमचं इंजिन.

माझं विचाराल, तर परवा मी वडिलांना औषध देताना खेकसलो. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. हजार माणसांपुढं क्षमेवर बोलून घरी गेलो होतो, मंडळी, आणि एका चमच्याचं ओझं मला ओढवलं नाही. म्हणून आज देवाकडं एवढंच मागू — वजन कमी कर म्हणू नका, निम्म्या चढावर सोडू नकोस म्हणा. नाव घ्या त्याचं, आणि घरी जा. म्हातारी माणसं जागी असतील.