पाय आत घ्या

—नाही, पण मला एवढंच सांग, तुझा तो जोडीदार येतोय म्हणजे नक्की कुठून येतोय? मगाशीपण 'येतोय'च म्हणालीस. मी म्हटलं, असेल लिफ्टपाशी, वळेल आता इकडे — कसलं काय! तुझ्यावर नाही गं चिडत मी. तू एकटी, खुर्च्या दोन, तू तरी काय करणार — एका माणसानं एकच खुर्ची ढकलायची हा एक नियम, आणि खुर्चीतल्या माणसाला एकटं टाकून जायचं नाही हा दुसरा, म्हणजे झालं, तिघांनी मिळून या खांबाशी मुक्काम करायचा. आजोबांचं बरंय. झोपलेसुद्धा, मांडीवर पिशवी घेऊन. त्यांनाही माझ्याच विमानात चढायचंय ना? हो, बघितली मी त्यांच्या पिशवीला बांधलेली चिठ्ठी. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि हे खुशाल घोरताहेत. घोरू देत. उठवून तरी काय सांगणार त्यांना, की जोडीदार येतोय?

मुलाची ही सगळी अक्कलहुशारी. तिकीट काढताना म्हणाला, आई, मधे वेळ फार कमी आहे — बाहेरच्या देशातून येणारं विमान, त्याला आतलं जोडायचं, मधे पासपोर्टची रांग, मग पट्ट्यावरून सामान उचला, ते परत त्यांच्या ताब्यात द्या, परत तपासणी, मग ही एवढी मोठी इमारत ओलांडून दुसऱ्या टोकाला जा — तुला नाही जमायचं. व्हीलचेअर सांगतो, रांगच लागत नाही. म्हटलं, सांग बाबा. आता त्या शहाण्याला कुठे ठाऊक, की खुर्चीवाल्यांना विमानातून सगळ्यांत शेवटी उतरवतात! अख्खं विमान रिकामं झालं, झाडणारे आत आले, त्यांनी माझ्या पायाखालचे कागद गोळा केले, तरी मी आपली बसलेय. माझ्या शेजारची बाई, तिलाही पुढे हेच विमान — कडेवर पोर, खांद्यावर दोन पिशव्या — ती मगाशीच दिसली मला त्या काचेपलीकडे. गेलीसुद्धा तरातरा जिना चढून. तसं पासपोर्टपाशी तू मला झटक्यात काढलंस, ते मान्य आहे, लोक माना वळवून बघत होते. पण तिथे कमावलं ते इथे घालवलं ना आपण.

काय? गुडघे. हो, गुडघेच. दोन्ही. म्हणजे डावा जास्त. — हसलीस का गं? नाही? मला वाटलं. मगाशी पट्ट्यावर बॅग आली तेव्हा उठले मी, ते तू बघितलंस, माहीत आहे मला. ते आपलं सवयीनं. बॅग डोळ्यांदेखत पुढे चालली, मग माणूस उठतो. उचलली पण मीच, हो, ती एवढी जड — चार पावलं टाकता येतात गं, अगदीच काही लुळी नाही मी. पण मग नंतर त्रास होतो. नंतर.

थांब, आजोबांच्या खुर्चीचा ब्रेक बघ आधी. उजवा लागलाय, डावा नाही लागलेला. बघ, चाक हलतंय. पायानं दाबायचा नाही तो, हातानं, खटका ऐकू आला पाहिजे. हं. आणि एक सांगू? मगाशी त्या उतारावरून मला खाली आणलंस ना, तोंड पुढे करून — तसं नाही आणायचं. खुर्ची उलटी करायची, आणि आपण मागे मागे उतरायचं, खुर्ची अंगावर घेत. नाहीतर बसलेला माणूस पुढे घसरतो, घाबरतो, आणि त्याला बोलता येत नसेल तर तो कुणाला सांगणार? उंबरठा आला की मागची दांडी पायानं दाबून पुढची चाकं उचलायची, धाडकन आपटायची नाहीत, मणक्यात कळ जाते — मला कसं माहीत? माहीत आहे झालं.

घरी आहे आमच्याकडे खुर्ची. माझी नाही. ह्यांची. आमच्या ह्यांचं डावं अंग गेलंय. वाचाही गेली. एक 'हो' तेवढं राहिलंय. चहा हवा? हो. नको का? हो. दुखतंय? हो. मी मरू का आता? हो. — असं म्हटलं एकदा मी त्यांना. त्यांनी 'हो' म्हटलं आणि दोघंही हसलो, मग मी आत जाऊन रडले. जाऊ दे. काय सांगत होते? खुर्ची. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत खुर्चीत, खुर्चीतून खिडकीशी. आणि डावा पाय काही पायाखालच्या फळीवर राहायचा नाही. घसरतो, बाहेर लोंबतो, आणि त्या पायाला जाणीवच नाही, त्यामुळे ह्यांना पत्ताच नसतो. आपण ढकलली खुर्ची की पाय चाकात. एकदा अंगठ्याचं नख मुळासकट निघालं, फरशीवर रक्त, आणि हे आपले माझ्याकडे बघून गोड हसताहेत. त्या दिवसापासून ब्रेक काढायच्या आधी म्हणायचं, 'पाय आत घ्या.' त्यांना घेता येत नाहीच, मीच वाकून उचलून ठेवायचा, पण म्हणायचं. जिभेला वळणच पडलंय. मुलाकडे झोपेतही म्हणत होते म्हणे. मोठी नात सकाळी विचारायची, आजी, तू रात्री कुणाला ओरडत होतीस?

फार बोलतेय ना मी? टेलिफोन ऑफिसात होते गं. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आपण मधे तोंड उघडायचं नाही असा नियम. आता सुटलंय ते तोंड.

कोण बघतं म्हणजे? ह्यांना ना? वन्सं बघतात, माझी नणंद. माझ्याहून मोठ्या आहेत वयानं. सुनेचं बाळंतपण आलं तेव्हा आपणहून म्हणाल्या, जा तू, मी बघते माझ्या भावाला, दोन महिन्यांचा तर प्रश्न. दोन महिने झाले. मी फोनवर म्हटलं, बाळ फार रडतंय, सून अजून सावरली नाही, आणखी एक महिना. त्या 'बरं' म्हणाल्या. मग तोही महिना झाला. मग — मग गुडघे. वन्सं, गुडघे धरलेत हो माझे, डॉक्टर म्हणतात इतक्यात प्रवास नको. कुठला डॉक्टर आणि कुठलं काय! रोज बाळाची गाडी घेऊन तळ्याला अख्खा वळसा घालत होते मी. तिथेही ढकलणंच, पण ती गाडी हलकी असते गं, आणि आतलं माणूस रोज थोडं थोडं मोठं होत असतं.

हो. खोटं. तुला मगाशीच कळलं होतं, मला माहीत आहे, उगाच आश्चर्य दाखवू नकोस. एकदा वन्संना सांगितलं म्हटल्यावर मुलासमोरही लंगडणं आलं. कधी डाव्यानं लंगडायचे, कधी उजव्यानं, माझ्याच लक्षात राहायचं नाही. नातीनं पकडलं, आजी, काल तर हा दुखत होता. मुलगा बिचारा तेल आणून चोळत बसायचा. त्याला खरंच वाटतंय गं, म्हणून तर ही खुर्ची! साधी पायी उतरले असते तर त्या कडेवर पोर घेतलेल्या बाईबरोबर केव्हाच आत गेले असते. माझ्याच हातानं मी ही खुर्ची मागून घेतली.

आणि आजचं विमान चुकून चालणार नाही. वन्संच्या लेकीचं ऑपरेशन आहे उद्या सकाळी, परगावी, आज संध्याकाळच्या गाडीनं त्यांना निघायलाच हवं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, लेकीला शब्द दिलाय, तू येवो न येवो, मी निघणार. त्यांचं काय चुकलं? सात महिने काढले त्यांनी. शेजारचे कुलूप लावून लग्नाला गेलेत. या विमानानंतर आमच्या गावाला दुसरं विमान नाही, ते एकदम उद्या. म्हणजे मी नाही पोचले तर ह्यांना रात्रभर एकटं — कुशीवर वळता येत नाही ह्यांना. पाणी मागता येत नाही. कुणी नसलेल्या खोलीत 'हो, हो' करत राहतील.

थांब, फोन वाजला. वन्संचाच. बोलल्या नाहीत, नुसता फोटो पाठवलाय. बघ, दाराशी त्यांची बॅग, वर छत्री ठेवलेली. खाली एक अक्षर नाही. एवढ्या बोलक्या बाईनं एक अक्षर लिहू नये? — ही काय घोषणा झाली? आपलंच ना ते? शेवटची म्हणाली ना ती? आजोबा काही उठत नाहीत. अगं विचार ना तुझ्या त्या यंत्रावर, कुठे मेला तो जोडीदार!

एक सांगू का तुला? आता सांगूनच टाकते. मला जायचं नाहीये गं. त्या लांबलचक बोळातून तू मला ढकलत आणलंस ना, तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. तुला वाटलं असेल, म्हातारी दमली. मला कुणी कधी ढकललं नव्हतं. पाय फळीवर, हात मांडीत, मागे दुसऱ्याचा श्वास — मी म्हटलं, अशीच ने मला, विमान नको, घर नको, या बोळाला टोकच नसू दे. आणि मनात आलं, ह्यांना हे रोज मिळतं. हेवा वाटला मला त्यांचा. नवऱ्याच्या लुळ्या अंगाचा हेवा वाटला. आता म्हण काय म्हणायचं ते.

काय म्हणतेस? — जोडीदार येतच नाहीये? वरच्या मजल्यावर अडकलाय. मग? एकालाच नेता येईल. कुणाला ते — काय विचारलंस? मला चालता येतं का?

असं नको बघूस माझ्याकडे. नाही म्हटलं तर काय होईल? तू आजोबांना घेऊन पळशील. मी इथे खांबाशी. आणि मला कुणी बोल लावणार नाही — खुर्च्या दोन आणि माणूस एकच, विमानवाल्यांची चूक. मुलगा उलट त्यांच्याशीच भांडेल. मग ते मला रात्रीपुरती कुठेतरी खोली देतील, पांढऱ्याशुभ्र चादरीची, दार बंद केलं की आत कुणी हाक मारणारं नाही. एक रात्र गं. सात महिने घेतले तशी आणखी एक रात्र. वन्सं काहीतरी करतील. इतके दिवस केलंच की त्यांनी. कुणालातरी बोलावतील, किल्ली देऊन जातील, मी फोन करून सांगते त्यांना, की खुर्चीच मिळाली नाही — खरंच आहे ते, त्यात खोटं काय — हे बघ, लावला फोन. उचला हो वन्सं. उचला. नाही उचलत. आवराआवर करत असतील.

हा फोटो मोठा कसा करतात गं? दोन बोटांनी? — हं. बॅगेमागे बघ कोण आहेत. हे आहेत. मला मगाशी दिसलेच नाहीत, नुसती बॅग बघत बसले मी. दाढी केलीय त्यांची. केस विंचरलेत, पाणी लावून. चौकड्यांचा सदरा घातलाय, तो मी कपाटात वरच्या खणात ठेवलेला, शोधून काढला असेल वन्संनी. तोंड दाराकडे करून बसवलंय. सांगितलं असेल त्यांना, ती येतेय आज. आणि ते 'हो' म्हणाले असतील.

अगं, पाय बघ. डावा. बाहेर लोंबतोय बघ, चाकाला लागून. वन्संना दिसलाच नाही. फोटो काढताना चष्मा कुठे घालतात त्या! आता दार उघडायला खुर्ची बाजूला सरकवतील. आधी म्हणतील का त्या? नाही म्हणणार, त्यांना सवय नाही, विसरतात त्या — आणि हे हसत बसतील.

सोड. सोड त्या मुठी. मी ढकलते आजोबांना. हो, येतं चालता. हे बघ, उभी आहे. दुखत नाही, काही दुखत नाही, बघ हवं तेवढं बघून घे. तू खुर्च्यांच्या नादाला लागू नकोस, तू पुढे पळ, तरुण आहेस, त्या दारापाशी जाऊन सांग दोघं येताहेत, मागेच आहेत, दार लावू नका. माझी खुर्ची राहू दे इथेच, कुणालातरी खरंच लागेल. नियम गेला खड्ड्यात. पळ म्हणते ना!

आजोबा. अहो आजोबा, उठा. घाबरू नका, मी आहे मागे. पाय आत घ्या.