गुडघ्याचा फोटो

सांगलीच्या दवाखान्यात धरणेंद्र नंबर लावून बसला होता. शेजारच्या बाईचा नवरा, एक रिटायर फौजी, डॉक्टरांकडून बाहेर आला. धरणेंद्र मोबाईलवरची नजर न काढता ऐकू लागला.

“काय म्हनलं डाक्टर?”

“बिडी सोडा म्हनला.”

“आवं, गुडघा दाखवाय गेलता न्हवं?”

“तेच की. गुडघ्याचा फोटो बघितला आन् बिडीवर आला. मी बिडीचं नावबी काढलं न्हवतं.”

“वास आला आसंल.”

“लवंग चघळून गेलतो. त्येला फोटोत कायतरी दिसलंय, रंगू.”

“गुडघ्यात कुठली आलीया बिडी? चला, इचारू परत.”

“नगं.”

“फौजेत गोळीला भ्याला न्हाईसा, आन् डाक्टरला भेताय?”

“बस खाली. इचारलं तर सांगंल त्यो.”