सुरी हातात द्यायची नसते

—नाही नाही, मान हलवू नकोस, कपाळावरचं रक्त डोळ्यात जाईल, मग चुरचुरत बसेल आणि पुसायला तुझे हात कुठे मोकळे आहेत? थांब, मीच पुसते. हं. अरे, ओरडतोस कशाला, तोंडात बोळा आहे, नुसतं नाकातून हुं हुं होतंय. धुतलेला फडका आहे, किळस नको करूस. मी काही वाईट बाई नाही. सुऱ्याची बोथट बाजू मारली, धारेची मारली असती तर आपण असे बोलत बसलो असतो का? — म्हणजे मी बोलत बसले असते, तू ऐकत. आत्ताही तेच चाललंय म्हणा.

तू म्हणत असशील, हे काय झालं? मुलगी मागायला आलो, नवा शर्ट घातला, होणारी सासू म्हणाली ये रे मागच्या खोलीत, निवांत बोलू — आणि घातला की डोक्यात सुरा! बघ माझ्याकडे. नीट बघ. परवा दुकानात आलास तेव्हा हे केस काळे होते की नाही? पुढचे दात होते की नाही? दोन दिवसांत कोणी एवढं म्हातारं होतं का? नाही होत. मी पुढून आलेय, सात-आठ वर्षं पुढून. कशी ते विचारू नकोस, मला कळलं असतं तर बकरी कापत बसले असते का? ही थंड खोली, हे जाड दार — आकड्यावरचं अर्धं बकरं काढायला आत गेले, दार मागे लागलं, ढकलून बाहेर आले तर भिंतीला जुना हिरवा रंग, जुना वजनकाटा, आणि पुढे गल्ल्याशी मीच उभी. काळ्या केसांची मी. पोरीला सांगत होते, तो आज येणार आहे, मी पलंगावरची चादर नवी आणते, तूही तुझ्या शिवणाच्या क्लासवरून लवकर ये. इथे दाराआड मी दार घट्ट ओढून धरलं. म्हटलं, देवा, एक चांगलं काम करायला परत पाठवलंस, उपकार झाले, पण दिवस तरी बरोबर बघायचा होतास! मला हा दिवस नको होता. मला तो दुसरा हवा होता.

काय? डोळे मोठे करून काय सांगतोस — मी अजून काहीच केलेलं नाही? खरंय. कबूल. अजून काहीच नाही. पण परवा पोरीने तुझ्या चालण्याची नक्कल केली, आम्ही सगळे हसलो, तूही हसलास — आणि हसता हसता तिचा कोपर धरलास. सोडलास तेव्हा चार बोटं उमटली होती. मी पाहिलं होतं बरं का. म्हटलं, तरणी पोरं आहेत, मस्ती करतात. मग लग्न झालं. आधी कानाखाली, मग पट्टा, मग एकदा गरम इस्त्री — शर्टाला चुणी राहिली म्हणून. मी जाब विचारायला आले तर मला चौकटीवर ढकललंस, हे दात तिथेच राहिले. तिने घर सोडलं की तू यायचास दुसऱ्या दिवशी, गयावया करत, गुडघे टेकून, अगदी आत्ता रडतोयस तस्सा. पुढच्या महिन्यात पुन्हा हात मोडलेला. नाही नाही, मान हलवू नकोस म्हटलं ना. पुन्हा रक्त आलं बघ.

आता ऐक, आमच्या धंद्यात एक रीत आहे. जावई होणार होतास, तुला ठाऊक हवी. सुरी कधी हातातून हातात द्यायची नाही. हात चिकट असतात, ओले असतात, घसरली की बोट गेलंच. द्यायची असली तर ठोकळ्यावर ठेवायची, मूठ समोरच्याकडे, पातं आपल्याकडे, आणि हात मागे घ्यायचा. मग त्याने उचलायची. पोरीला मी हे शिकवलं ती ठोकळ्याएवढी होती तेव्हा. आमच्या हातात मुरलंय ते — घरी कांदा चिरायची सुरी मागितली तरी आम्ही टेबलावर ठेवतो, पाहुणे हसतात. तर त्या दिवशी, मला हवा होता त्या दिवशी, ती माझ्याकडे पळून आली होती, तुमची लहानगी पोर घेऊन. आणि तू आलास. सरळ तिचे केस धरलेस आणि तोंड आपटलंस काउंटरच्या काचेवर, एकदा, दोनदा, काच फुटली तरी पुन्हा. गिऱ्हाईकं पळाली. पोर किंचाळत तुझ्या पायाला बिलगली, तर तिला उचललंस आणि फेकलंस, या दारावर. ह्याच. आवाज अजून माझ्या कानात आहे, पोत्यासारखा. माझ्या हातात सुरी होती, हाडापासून मांस सोडवायची, बारकी. मी ती ठोकळ्यावर ठेवली. का? सवय. वकिलानेही तेच सांगितलं, न्यायाधीशालाही पटलं — खाटकाच्या हातची सवय, मूठ समोर येणारच. समोर पोरगी होती. तिने उचलली. आणि मग तिचेही हात सवयीचेच ना, तिने कुठे घालावी हे तिला शोधावं लागलं नाही. मान, काख, जांघ. तू खाली पडायच्या आधी रिकामा झाला होतास. पांढरा फटक. फरशी धुवायला मला संध्याकाळ झाली.

हो. तिने तुला मारलं. तुला काय वाटलं, तू तिला मारलंस म्हणून मी आलेय? नाही रे राजा. तू सुटलास. ती आत आहे. तिला जन्मठेप झाली, माझ्या पोरीला, जिला कोंबडीची मान मोडतानाही डोळे मिटावे लागायचे.

आणि पोर माझ्याकडे. तिला आम्ही भुंगी म्हणतो, सारखी गुणगुणायची, जेवताना, अंघोळ करताना, झोपेतसुद्धा. नाक तुझं आहे. चिडली की खालचा ओठ पुढे काढते, तोही तुझाच. त्या दारावर आपटली त्यात पाय वाचला, कान गेला एक. गुणगुणणं बंद झालं. मी म्हणते, भुंगे, म्हण ना काहीतरी, तर नुसती बघते. गेल्या महिन्यात मात्र — मी खिमा करत होते, ती स्टुलावर बसली होती — आणि आलं गं बाई ते, हळूच, बेसूर. मी मागे वळले नाही. वळले असते तर थांबली असती. तशीच रडत कापत राहिले. आजही ती तिथेच बसलीय, पुढे, त्या स्टुलावर. म्हणजे तिकडच्या आज. मी तिला सांगून आत शिरले, बस हं, आजी आलीच.

रडू नकोस. तिच्यासाठी रडतोयस की स्वतःसाठी? — असू दे, आता तुलाच ठाऊक. पण अडचण कळली ना माझी? तो दिवस मिळाला असता तर काय सोपं होतं! सुरी खाली ठेवायचीच नाही, आपणच घालायची. पोरगी सुटली असती, भुंगी राहिली असती, मी म्हातारी तुरुंगात गेले असते, कुणाचं काय बिघडलं असतं? सवय कसली डोंबलाची! ठेवताना सुरीची मूठ माझ्याकडे होती. मी फिरवली. मनगट वळवलं आणि तिच्याकडे केली. मला तुझी भीती वाटत होती रे, मी पोरीला पुढे केलं. हे मी कोर्टात बोलले नाही, तिलाही बोलले नाही, आणि बोलले कुणाला तर तुला! बघ, जावयाशी कसं मन मोकळं होतं.

पण मिळाला हा दिवस. आज तुला संपवलं तर भुंगी जन्मणारच नाही. पळवून लावलं तरी नाही — आणि तू कुठला पळतोस, पंधरा दिवसांत फुलं घेऊन तिच्या क्लासबाहेर उभा राहशील, आणि ती वेडी भाळेल. आणि सोडून दिलं, होऊ दे म्हटलं, तर काच आहे, इस्त्री आहे, पट्टा आहे. सकाळपासून दाराआड हेच घोळवत बसलेय. इकडे लेक, तिकडे नात. कुणी ठरवावं असं? पण तुरुंगात भेटायला गेले ना एकदा, जाळीतून म्हटलं, पोरी, झोप लागते का गं तुला इथे? तर हसली. म्हणाली, आई, लागते की. इथे रात्री कडी वाजवत कुणी येत नाही. इतकी वर्षं मी झोपलेच नव्हते गं. — ऐकलंस? तुझ्या घरापेक्षा तिला तुरुंग बरा वाटला. ते ऐकून मी घरी आले आणि जेवले नाही. आज तिच्या हातावर फक्त चार बोटांचे वळ आहेत, उद्यापर्यंत जातील. मला तिला तशीच ठेवायचीय. बस्स.

पोलीस धरतील मला, म्हणजे चादर आणायला गेलेल्या त्या मला. धरू देत. तिलाच धरायला हवं. भुंगे, माफ कर गं बाई. स्टुलावरून उतरू नकोस, पडशील, आजी — नाही, आजी येत नाहीये. गुणगुण. तोवर गुणगुण.

चल. मान वर कर. अशी नाही, भिंतीला टेकव. दुखणार नाही असं खोटं सांगणार नाही, पण मला येतं ते, पटकन होईल—

—आले गं, आले! तिथेच थांब, आत येऊ नकोस, मी फरशी धुतेय... निसरडं झालंय म्हणून. क्लास लवकर सुटला? ... छान दिसतेयस, आवाजावरूनच कळतं. ... काय? ... तो आला का? ... नाही. नाही गं पोरी, कुणी आलं नाही.