उत्तर आल्याशिवाय गाडी हलत नाही

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, शिरूरच्या मंडळीतून मुद्दाम आलेले ज्येष्ठ पंच दगडोबा मामा, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते चांगदेव आप्पा, त्यांच्या पत्नी भामाबाई, आणि दौंडच्या मंडळीतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझ्या आधीचे सगळे हसत बोलले. मला ते जमणार नाही. म्हणून सगळं कागदावर लिहून आणलंय.

उद्या आप्पा पुण्याला जाणार. गुरुवारी घशाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर स्वरयंत्र काढणार आहेत, आणि पुढं आप्पा लेकीकडेच राहतील. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण इथं अजून कुणी उच्चारलं नाही. मी उच्चारते, कारण न बोललेल्या गोष्टीची मला जास्त भीती वाटते.

शिरूरच्या चर्चच्या कपाटात शंभराहून अधिक वर्षांचा एक संदर्भग्रंथ होता. पवित्र शास्त्रातला एकेक शब्द, आणि तो कुठल्या पुस्तकात, कितव्या अध्यायात, कितव्या वचनात येतो त्याची नोंद. कॉपीराइट केव्हाच संपलेला. पुण्यातली काही मुलं शास्त्राभ्यासाचं सॉफ्टवेअर करत होती, त्यांना तो हवा होता. पानं स्कॅनरवर सपाट बसत नाहीत, बांधणी कापावी लागेल, असं ती मुलं म्हणाली. दगडोबा मामा म्हणाले, "मग माझी मान बी घ्या कापून." तेव्हा ठरलं, ग्रंथ इथं दौंडला आणून टाईप करायचा. आपल्या चर्चशेजारच्या खोलीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्यापुढं मी बसले.

पहिल्याच आठवड्यात माझी झोप उडाली. अक्षर चुकलं तर वाचणारा सांभाळून घेतो. आकडा चुकला तर? खुटबावची एखादी बाई नवरा गेल्यावर 'सांत्वन' हा शब्द उघडेल, आणि माझ्या चुकीनं कुणाच्या तरी वंशावळीत जाऊन पडेल. तिला वाटेल, देवापाशी आपल्यासाठी काही नाही. कोण सांगणार तिला, की बोट माझं घसरलं होतं?

तेव्हा आप्पा आले. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस. म्हणाले, "बाई, इंजिनात दोघं असत्यात. एकानं सिग्नल बघून मोठ्यानं सांगायचा. दुसऱ्यानं सोताच्या डोळ्यानं बघून तेच परत म्हणायचं. उत्तर आल्याबिगर गाडी हलवायची न्हाई."

"आणि उत्तर नाही आलं तर?"

"तर बिरेक. म्होरं काय हाय ते आधी बघायचं."

तसंच सुरू झालं. मी पडद्यावरचं वाचायचे, आप्पा ग्रंथावर बोट ठेवून तेच परत म्हणायचे. इतक्या मोठ्यानं, की भामाबाई बाहेरून ओरडायच्या, "अवो, देव काय भैरा न्हाई! पार स्टेशनात ऐकू जातंय."

"जाऊ दे की," आप्पा म्हणायचे, "तिकडच्यांचं बी पाठ हुईल."

असं करत आम्ही 'म'पर्यंत आलो. शब्द होता 'मीठ'. मी म्हटलं, "लेवीय दोन, तेरा." उत्तर आलं. मग पुढचा संदर्भ वाचला. उत्तर नाही. मला वाटलं, आकडा चुकला. पुन्हा पाहिला, बरोबर होता. मान वर केली. आप्पांचं बोट ग्रंथावर होतं, ओठ हलत होते, आणि आवाज नव्हता.

त्या दुपारपासून आमची गाडी उभी आहे. परवा घरी गेले तर आप्पा कसेबसे कुजबुजले, "दुसरा जोडीदार बघा, बाई. मुक्यानं सिग्नल कसा सांगायचा?" मी तडक दगडोबा मामांना गाठलं.

ग्रंथ अपुरा राहील म्हणून घाबरते, असं मी सगळ्यांना सांगते. खरी भीती तेवढीच का आहे? गुरुवारी भामाबाई दाराबाहेर बसतील, त्या हाक मारतील, आणि आतून उत्तर येणार नाही, याची मला भीती वाटते.

म्हणून आज सगळ्यांदेखत विचारते. आप्पा, लेकीकडे फोन आहे. दगडोबा मामांनी ग्रंथ तुमच्याबरोबर न्यायची परवानगी दिली आहे. मी विचारलं, "हरवला तर?" मामा म्हणाले, "चांगदेव न्हाई हरवला म्हंजी बास." मी फोनवर वाचीन. बरोबर असेल तर बोटातली अंगठी टेबलावर एकदा वाजवायची. चूक असेल तर गप्प राहायचं. व्हाल का पुन्हा जोडीदार? उत्तर आत्ता, इथंच द्या. मामा, ग्रंथ त्यांच्यापुढं ठेवा. भामाबाई, चष्मा.

मीठ. मत्तय पाच, चौदा.

आप्पा?

मीठ. मत्तय पाच, चौदा.

थांबा पाळकसाहेब, त्यांना उठवू नका. त्यांना बरं आहे. बघा, बोट पानावर आहे. ते वाचताहेत. मग माझ्या कागदावर काय… तेरा. तेरा लिहिलंय, मी घाबरून चौदा वाचलं. दोनदा!

मीठ. मत्तय पाच, तेरा.

ऐकलंत? अंगठी वाजली! मागच्या बाकापर्यंत आलं ना? माईकसुद्धा लागला नाही. भामाबाई, आता म्हणा, स्टेशनात ऐकू गेलं.

भीती गेली असं म्हणणार नाही. गुरुवार अजून यायचाय. आप्पा, पुढचा शब्द 'मुंगी' आहे. तो मी आज मुद्दाम वाचत नाही. तो फोनवर. तुम्ही शुद्धीवर या, बरे व्हा, आणि मला उत्तर द्या.

अध्यक्षांनी बोलू दिलं, मंडळीनं निमूट ऐकलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. शब्दांत काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आकड्यांचं मात्र आप्पा बघतील.