पाविरोंचं रक्त

जावा बेटावरच्या योग्यकार्ता शहरात, इस्पितळात लास्मी नंबराची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारा पेंगत होता, त्याच्या बाजूला त्याची म्हातारी बसली होती. त्याची लेक डॉक्टरांकडून रिपोर्ट घेऊन आली.

"आई, रक्तात खुणा सापडल्या. मेंदूच्या झटक्यानंतर स्मरणशक्ती जाते ना, त्याच्या. डॉक्टर म्हणाले, बाबा हळूहळू सगळं विसरणार."

"ह्यांनी तर काल डॉमिनोच्या डावात मला चारदा हरवलं."

"रक्त खोटं बोलत नाही, आई."

"ह्यांचं रक्त घेतलंच कुठे? सुईला भिऊन संडासात जाऊन बसले होते."

"मग हे कुणाचं?"

"नर्सनं नुसतं 'पाविरो' पुकारलं, मी उठले. लग्न झाल्यापासून अख्खं गाव मला पाविरोबाईच म्हणतंय. तिनं टोचलं. मला वाटलं, बायकोचंही घेत असतील."

लास्मीचा नंबर पुकारला गेला. ती जागची हलली नाही.

"आई, माझ्याकडे बघ. तुझं स्वतःचं नाव काय?"

"हा काय प्रश्न झाला?"

"सांग ना."

"सांगते की." म्हातारी बराच वेळ ओढणीशी चाळा करत राहिली. "तू आधी ह्यांना उठव. ह्यांना माहितेय."